विधेयकांची मोजदाद

ओबामांनी इलिनॉयच्या सिनेटमध्ये (१९९७-२००४) किती विधेयके मंजूर करून घेतली, याची यादी आमचा भाचा मला कौतुकाने पाठवतो. अरे बाबा, २००२ अखेरपर्यंत तिथे बहुमत रिपब्लिकनांचे! २००३ मध्ये ते फिरले आणि आकडा फुगला. यात कसले शौर्य?

मोजायचेच तर एक विधेयक मोज. मारहाण करून घेतलेल्या कबुलीजबाबांवर फाशी सुनावलेल्या चौघांना राज्यपाल रायन यांनी जानेवारी २००३ मध्ये माफी दिली होती. खुनाच्या संशयिताच्या चौकशीचे रेकॉर्डिंग सक्तीचे करा, असे ओबामांचे विधेयक. पोलीस, सरकारी वकील, सगळे विरोधात. त्यांच्याशी बोलून बोलून ते त्याच वर्षी सिनेटमध्ये ५८ विरुद्ध ० मतांनी मंजूर करून घेतले.

आणि हो, सुमारे १३० वेळा नुसते 'हजर' असे मत देणे, हा मात्र मला पळपुटेपणाच वाटतो.