वाटणीत राहून गेलेल्यांचं पत्र

प्रिय महाराष्ट्रा,

बऱ्हाणपूरहून लिहितोय. हे गाव कुठलं, हे तुला सांगत बसावं लागू नये.

31 ऑक्टोबर 1956 पर्यंत तुझा विदर्भ आणि आम्ही एकाच राज्यात होतो. राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचा निमाड नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि आमचे अर्ज भोपाळकडे जाऊ लागले. निमाडात मराठी बोलणारे थोडे, हे मला मान्य आहे. पण थोडे म्हणजे कुणीच नाही का?

1 मे 1960 ला माझ्या आजोबांनी गल्लीत पेढे वाटले होते. राज्य तुझं झालं होतं, पण ते 'आपलं झालं' म्हणायचे. त्यांना कुणी हटकलं नाही.

बेळगाव, कारवार, बिदर, भालकी ही नावं तुझ्या घोषणेत होती. बेळगावसाठी तू 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेलास. जायलाच हवं होतं. पण आमचं नाव कधी घेतलंस? आमच्यासारख्याच राहून गेलेल्या सौंसरचं, मुलताईचं? सीमा बदलून द्या असं आम्ही म्हणत नाही. भोपाळशी चार शब्द बोलशील, आमची माणसं कशी आहेत विचारशील, एवढीच आशा होती.

त्याच 1956 साली राज्यघटनेत अनुच्छेद 350 क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, ही सोय राज्याने करायची. आमच्यासारख्यांनाच दिलेलं वचन ना ते? माझ्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत आहे. माझ्या मुलाचा हिंदीत आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा हे दोन्ही दाखले मी शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहत बसलो होतो.

भोपाळलाही आमची किती गरज? विधानसभेच्या 230 जागांपैकी आमच्या जिल्ह्यात दोन. लोकसभेला आम्ही खंडव्यात. आणि तुझ्याकडे तर आमचं मतच नाही. मग आमच्यासाठी बोलायचं कुणी?

पोट मात्र अजून तुझ्याच बाजूला बांधलेलं आहे. आमची रेल्वे भुसावळ विभागाची. जड दुखणं आलं की गाडी जळगावच्या वाटेला लागते. मुली रावेर-यावलला देतो, तिकडच्या आणतो. आणि केळी? बऱ्हाणपूरच्या लिलावात काय भाव निघाला, ते बघून तुझ्या रावेरात सौदे होतात. आमचा भाव तुला चालतो, मग आम्ही का नाही?

माझी बहीण रावेर तालुक्यात दिलीय. एका मे महिन्यात एकाच संध्याकाळच्या वादळाने तिची आणि माझी, दोघांच्याही निसवलेल्या बागा आडव्या केल्या. मोडकी खोडं ओढून बांधावर टाकताना हाताला लागलेला चीक आठवडाभर काळाच राहिला होता. तिच्या केळीला हवामानावर आधारित विमा होता. माझ्या केळीला नव्हता. तापी तीच, माती तीच, वारा तोच. त्या विम्यासाठी आमचे शेतकरी वर्षानुवर्षं निवेदनं देताहेत. त्यांच्या बाजूने तू एक पत्र तरी धाडायचंस.

2025 साली 'छावा' सिनेमात तुझ्या पडद्यावर बऱ्हाणपूर दिसलं, 1681 साली संभाजीराजांच्या फौजेने लुटलेलं शहर म्हणून. इतिहास खरा आहे, मान्य. पण तो सिनेमा आल्यावर इथल्या अशीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री बॅटऱ्या घेऊन सोनं शोधायला खणू लागले, ते पाहून पोटात कालवलं. 1760 साली उदगीरच्या विजयानंतर हेच शहर पेशव्यांनी निजामाकडून मागून घेतलं होतं. ते कुणाला आठवतं?

माझा मुलगा रोज दुपारी लिलावाचा भाव त्याच्या आत्याला मोबाईलवर कळवतो. शाळेत त्याला 'ळ' कधी गिरवायला मिळाला नाही, म्हणून केळी उत्पादकाचा हा पोरगा 'केळी' हा शब्द 'केली' असा लिहितो. आत्या भाव वाचते, मग मला फोन करते. म्हणते, "दादा, पोराला ळ कधी शिकवशील रे?"

मी तिला काय सांगू? तूच सांग.

तुझाच,
तापीकाठचा एक केळी उत्पादक, बऱ्हाणपूर