देवापुढे गा, पण गवई होऊ नकोस!

शिराळ्याला माझ्या ओळखीच्या एका घरी दर एकादशीला भजन बसते. आजोबा पेटीवर, काका पखवाजावर. नातवाच्या हाती सातव्या वर्षी टाळ आले आणि बाराव्या वर्षी तो आजोबांच्या मागे पेटी सांभाळू लागला. तो गायला लागला की बायाबापड्या डोळ्यांना पदर लावीत आणि म्हणत, "पोराच्या गळ्यात देव आहे हो!"

बारावीची परीक्षा झाली आणि हा मुलगा जेवताना म्हणाला, "मी मिरजेला जाऊन गाणं शिकणार."

ताटे तशीच राहिली. वडील म्हणाले, "भजनात गा की! तुला कोण नको म्हणतंय? पण गवई होऊन खाणार काय?" आजोबा आमटीत भाकरी कुस्करीत राहिले.

हे घर वाईट नाही. वाईट असते तर मी लेखणी उचललीच नसती. माझे भांडण आहे ते आपल्या एका जुन्या लबाडीशी. सूर द्यायचा घराने, भक्तीने आणि परंपरेने. आणि पोराने तो खरा मानला की त्याच तिघांनी मिळून त्याची वाट अडवायची!

वाचकहो, कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच. वडील कीर्तनकार, म्हणजे घरात गाणे होतेच. परंतु मुलाला घातले होते शाळेत. दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याने डोळे अधू झाले, शाळा संपली, आणि तेव्हा कुठे त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला धाडले. पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा हा माणूस दृष्टी शाबूत असती तर कुठल्या कचेरीत कारकुनी करीत बसला असता, कोण जाणे! धडधाकट मुलगा गाण्याला द्यायचा नाही, ही आपली रीत तेव्हाही होती आणि आजही आहे. आज दिवाळीत मुलांना फटाके देताना तेवढे आठवा.

दुसरी गोष्ट शेजारच्या वाळवे तालुक्यातली. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी लावणीच्या नादाने घर, जात, सोवळे सगळे सोडून तमाशाच्या फडात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. पवळा आणि बापूराव ही नावे महाराष्ट्रभर गाजली. आज सगळे त्यांना 'आमचे बापूराव' म्हणतात. पण १९४५ साली पुण्यात ते दारिद्र्यात गेले, तेव्हा हे 'आमचे' म्हणणारे होते कुठे?

"म्हणूनच सांगतो, गाण्यात पोट भरत नाही," असे आमच्या मुलाचे वडील म्हणतील. कबूल, नाही भरत. पण का भरत नाही? नागपंचमीच्या मिरवणुकीत बेंजो आणि छाती हादरवणारे कर्णे लावायला पैसा असतो. लग्नाच्या वरातीला तर विचारूच नका. आणि रात्रभर पखवाज वाजवून बोटे सुजलेल्या माणसाला आपण काय देतो? नारळ, टॉवेल आणि टोपी! कलावंताला उपाशी ठेवायचे आपणच, आणि वर त्याची उपासमार दाखवून मुलांना भिववायचेही आपणच.

मग शेवटचे हत्यार निघते ते धर्माचे. देवाचे गाणे विकायचे नसते म्हणे! पुजाऱ्याला दक्षिणा चालते, कीर्तनकाराला बिदागी चालते. नेमका आपला मुलगा गाऊन पोट भरू म्हणाला की देव विटाळतो. किराण्याहून आलेले अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. गाण्यावरच त्यांचा संसार चालला आणि ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धाही तेवढीच होती. १९३७ साली ते गेले. त्या दर्ग्याच्या उरुसात अजून गवई येतात आणि पहाटेपर्यंत गातात. त्या सुरांत भक्ती किती आणि धंदा किती, हे मोजायला कोणी तराजू घेऊन बसलेले मला तरी दिसले नाही.

आणि हा मुलगा निदान बोलला तरी. त्याच्या पाठची बहीण त्याच्याहून गोड गाते. तिला काय व्हायचे आहे, हे त्या पंगतीत कोणी विचारलेसुद्धा नाही. मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जलसे करू लागल्या, त्याला शंभर वर्षे होत आली. पण शिराळ्याच्या त्या माजघरापर्यंत त्यांचा सूर अजून पोहोचायचा आहे.

मी वडिलांना एवढेच म्हणालो, "दोन वर्षं पाठवून तर बघा. शिकवणीचे पैसे भरताच ना? तेवढेच गाण्याला भरा. नाही जमलं तर पोरगा आहेच की तुमचा." ते हसले. पान पुढे केले. म्हणाले, "तुमचं काय जातंय सांगायला?"

मुलगा हल्ली सांगलीला यंत्रांचा डिप्लोमा करतो. एकादशीला त्याला यायला जमत नाही. आजोबांची बोटे आता चालत नाहीत, म्हणून पेटी माळ्यावर टाकली आहे. उंदरांनी भाता कुरतडू नये म्हणून त्यांनी तिला आपले जुने धोतर गुंडाळून ठेवले आहे.