शाल-श्रीफळाचा सलोखा

नागपुरात दंगल झाली की सलोख्याचा एक ठरलेला कार्यक्रम होतो. मंचावर एक मौलाना, एक महाराज, एक भन्तेजी आणि मधोमध पोलीस अधिकारी. शाल, श्रीफळ, 'हम सब एक हैं', ग्रुप फोटो, समोसा-चहा. मार्च 2025 नंतर मी अशा तीन कार्यक्रमांना गेलो. 17 मार्चला नेमकं काय झालं, हे एकाही ठिकाणी कुणी उच्चारलं नाही. तिसऱ्या सभेत मी विचारायला उठलो, तर शेजारचे चाचा माझा कुर्ता ओढत म्हणाले, "बैठ जा बेटा, माहोल खराब होईल."

माहोल खराब होता म्हणूनच तर सभा होती!

मग मीच सांगतो काय झालं ते. त्या दिवशी सोळावा रोजा होता. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा, या मागणीसाठी विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाने महालात निदर्शनं केली, कबरीची प्रतिकृती जाळली. जळालेल्या हिरव्या कापडावर कलमा होता, अशी अफवा मोबाईलवरून पसरली. संध्याकाळी चिटणीस पार्कजवळ दगड सुरू झाले, रात्री हंसापुरीत गाड्या फुटल्या, जळाल्या. तीसहून अधिक पोलीस जखमी झाले. रेल्वे स्टेशनकडे निघालेला एक माणूस जबर जखमी झाला आणि 22 मार्चला दवाखान्यात वारला. तो आपल्यातलाच होता. 24 तारखेला महापालिकेने एका आरोपीचं घर बुलडोझरने पाडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी कारवाईला स्थगिती दिली, पण ते घर तोवर पडलं होतं. आरोप पोरावर, घर आईच्या नावावर. नोटीस, सुनावणी आणि वेळ दिल्याशिवाय असं घर पाडता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने चारच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं होतं. एप्रिलमध्ये महापालिका आयुक्तांनी कोर्टात माफी मागितली. माफीने भिंत उभी राहत नाही.

यातली दोन वाक्यं एका दमात म्हणता आली पाहिजेत. दगड आपल्या पोरांनीही मारले. आणि खटला चालण्याआधी घर पाडणं हा अन्याय आहे. पहिलं वाक्य मोहल्ल्यात म्हटलं की मी 'त्यांचा माणूस' ठरतो. दुसरं बर्डीवरच्या चहाच्या टपरीवर म्हटलं की दंगलखोरांचा वकील. शालवाल्या मंचावर दोन्ही वाक्यांना बंदी आहे.

आता तुमच्याबद्दल. कर्फ्यूच्या त्या आठवड्यात तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला इतिहास फॉरवर्ड केला. नागपूर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह औरंगजेबाच्या दरबारात मुसलमान झाला होता. आता काय, शहरच खोदून काढणार का? हसलो मी. खरं आहे ते. पुढचं मात्र फॉरवर्डमध्ये नव्हतं: हाच बख्त बुलंद नंतर औरंगजेबाविरुद्ध उठला आणि मोगली मुलखावर चालून गेला. पुढे शहर भोसल्यांकडे गेलं, तरी त्यांनी गोंड राजाचा मान राखला. त्याच घराण्यातल्या राजे रघुजीरावांनी 1908 मध्ये ताजुद्दीन बाबांना पागलखान्यातून सोडवून सक्करदऱ्याच्या वाड्यात ठेवलं. बाबांचा वफात 1925 मध्ये झाला, आणि त्याच वर्षीच्या दसऱ्याला याच शहरात संघ स्थापन झाला. या शहराचा इतिहास असा गुंतलेला आहे. त्यातून आपल्या सोयीचा धागा ओढून समोरच्याला गप्प करता येतं. गप्प झालेला माणूस घरी येत नाही. मीही असे वाद पुष्कळ जिंकलोय, त्यातून मित्र एकही मिळाला नाही.

मित्र मिळाला तो दुसऱ्याच कारणाने. त्या वर्षी गुढीपाडवा 30 मार्चला आणि ईद 31 ला. महाल, इतवारी, गांधीबागच्या दुकानदारांसाठी वर्षातला सर्वात मोठा पंधरवडा, आणि त्यातला आठवडा कर्फ्यूने खाल्ला. इतवारीतले एक काका, कपाळाला टिळा, त्यांच्या दुकानात शिवरायांचा मोठा फोटो आहे. मी उधारी द्यायला गेलो तर म्हणाले, "दोन्ही सण गेले ना भाऊ. तुमच्या ईदची साडी बी पडून, आमच्या पाडव्याची बी." मग अर्धा तास आम्ही नुकसानभरपाईचा अर्ज कुठे करायचा यावर बोललो. औरंगजेबावर आमचं आजही पटत नाही. पटायची गरजही पडली नाही.

तुम्ही म्हणाल, ही दुकानदारी झाली, दीन कुठे आहे? सीरत वाचा. नबुव्वत मिळण्याआधी मक्केत एका परदेशी व्यापाऱ्याचा माल घेऊन एका बड्या सरदाराने पैसे बुडवले. तेव्हा काही घराण्यांनी एकत्र येऊन शपथ घेतली की जुलूम झालेला माणूस कुणीही असो, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण त्याच्या बाजूने उभे राहू. हाच हिल्फुल फुजूल. प्रेषित मुहम्मद (स.) त्यात होते, आणि इस्लामनंतरही त्या कराराला कुणी हाक दिली तर आपण जाऊ, असं ते म्हणत. त्या करारात मिठ्या नव्हत्या, फोटो नव्हता, 'सगळे धर्म सारखेच' असं भाषणही नव्हतं. एक बुडालेली रक्कम होती आणि ती वसूल करायची होती.

"दर वेळी आम्हीच का पुढे व्हायचं?" हा प्रश्न रास्त आहे. निष्ठेचं प्रमाणपत्र मागणाऱ्याकडे जाऊच नका, मीही जात नाही. पण जो मागत नाही, त्याच्याकडे तरी कुठे जातो आपण? यशोधरानगरात तुंबलेली गटारं आणि पाचपावलीतली तुंबलेली गटारं एकाच महापालिकेची आहेत. आपण अर्ज वेगळे करतो, आपला उर्दूमिश्रित हिंदीत आणि तोही नगरसेवकाच्या दारात. मराठी येत असून आपण ती 'त्यांची' म्हणून ठेवून दिली आहे. अकोल्याच्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू नको, म्हणून कुणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने उर्दू राहू दिली आणि सांगितलं की भाषा म्हणजे धर्म नव्हे. तो निकाल आपण आनंदाने वाटला. तो आपल्यालाही लागू आहे, हे कुणी वाचलं का?

इतवारीच्या काकांचा नुकसानभरपाईचा अर्ज मी मराठीत लिहून दिला. खाली एकवीस सह्या आहेत, त्यातल्या आठ आपल्या. उत्तर अजून आलेलं नाही. येत्या सोमवारी आम्ही चौघे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारायला जातोय. काका म्हणाले, जुम्म्याला नको, तुला नमाजला जायचं असतं.