पतसंस्था की बँक? दोन टक्के जास्त व्याजाचा हिशोब जळगावकरांना विचारा

संध्याकाळी दुकानदार गल्ला मोजायला बसतो आणि बरोबर त्याच वेळी पिग्मीवाला दारात हजर होतो. रोजचे शंभर-दोनशे रुपये घेतो, नोंद करतो, घरची चौकशी करतो आणि जाता जाता म्हणतो, "भाऊ, बँकेत काय मिळतं? आमच्याकडे ठेव टाका, दोन टक्के जास्त देतो."

जळगाव असो, धुळे असो, भुसावळ असो नाहीतर चोपडा, हा संवाद खानदेशात घरोघरी ओळखीचा आहे. पिग्मीवाला बऱ्याचदा खरंच बोलत असतो. व्याज जास्त मिळतंही. प्रश्न एवढाच की ते दोन टक्के कशाच्या बदल्यात मिळतात?

पतसंस्था म्हणजे नेमकं काय?

1875 साली पुण्याजवळच्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. कर्ज आणि व्याजाच्या फासाची सरकारला दखल घ्यावी लागली. पुढे 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. कल्पना साधी होती. गावातल्या लोकांनी आपले पैसे एकत्र करायचे, गरजूला त्यातून कर्ज द्यायचं आणि कारभार सभासदांनीच बघायचा. जर्मनीत राइफायझेन यांनी हेच केलं होतं. अमेरिकेत ज्याला क्रेडिट युनियन म्हणतात, तीही याच घराण्यातली.

म्हणजे बँकेत तुम्ही ग्राहक असता आणि पतसंस्थेत कागदोपत्री मालक. शेअर एक असो वा शंभर, मत एकच.

फायदे आहेत का? आहेत, आणि खरे आहेत

भाजीचा गाडा लावणाऱ्याला पन्नास हजार हवे असतील तर मोठी बँक आधी आयटी रिटर्न मागते. पतसंस्थेचा मॅनेजर त्याला रोज बघत असतो. दोन जामीनदार, पिग्मीचा रेकॉर्ड किंवा घरातलं थोडं सोनं तारण, एवढ्यावर काम होतं. फॉर्म मराठीत, माणूस ओळखीचा, चकरा कमी.

शेजारच्या बुलढाण्यातून सुरू झालेली बुलडाणा अर्बन ही पतसंस्थाच आहे. सोनेतारण आणि गोदामातल्या शेतमालावर कर्ज देत ती देशातल्या मोठ्या पतसंस्थांमध्ये जाऊन बसली. तेव्हा पतसंस्था म्हटलं की घोटाळाच, असं समजायचं कारण नाही.

पण नीट बघा, वरचे बहुतेक फायदे कर्ज घेणाऱ्याचे आहेत. ठेव ठेवणाऱ्याचा हिशोब वेगळा आहे.

ठेवीदाराचा हिशोब

बँक बुडाली तर डीआयसीजीसी ही रिझर्व्ह बँकेची उपकंपनी प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंत भरपाई देते. आधी ही मर्यादा 1 लाख होती, 4 फेब्रुवारी 2020 पासून ती 5 लाख झाली. 2021 च्या दुरुस्तीनंतर, बँकेवर निर्बंध आले तरी 90 दिवसांत ही रक्कम मिळण्याची सोय झाली. सरकारी, खासगी, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती अशा सगळ्या बँकांना हा विमा आहे.

पतसंस्थेला तो नाही. राज्याच्या कायद्याखालची असो वा मल्टिस्टेट, कुठल्याच पतसंस्थेला नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनं लोकांना जाहीर सावध केलं होतं. काही सहकारी संस्था नावात 'बँक' शब्द वापरतात, सभासद नसलेल्यांकडून आणि नाममात्र सभासदांकडून ठेवी घेतात, पण त्या ठेवींना विम्याचं संरक्षण नाही, असं तिनं सांगितलं.

आता आकडे मांडू. समजा 2 लाखांवर बँक 7 टक्के देते आणि पतसंस्था 9 टक्के. वर्षाचा फरक झाला 4 हजार रुपये. संस्था बुडाली आणि काहीच परत मिळालं नाही, तर गेलेले 2 लाख या फरकातून भरून निघायला 50 वर्षं लागतील.

जळगावनं हे बघितलंय

भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी, म्हणजे लोकांच्या तोंडी बीएचआर, हिचं मुख्यालय जळगावात. शाखा अनेक जिल्ह्यांत आणि राज्याबाहेरही. ठेवी परत मिळेनात तेव्हा गुन्हे दाखल झाले, 2015 मध्ये संस्थापक अध्यक्ष आणि संचालकांना अटक झाली आणि त्याच वर्षी संस्थेवर अवसायक नेमला गेला.

अवसायकाचं काम काय? संस्थेची मालमत्ता विकून आणि कर्जं वसूल करून ठेवीदारांचे पैसे परत देणं. पण नोव्हेंबर 2020 मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं जळगावात छापे टाकले आणि 2021 मध्ये खुद्द अवसायकालाच अटक झाली. आरोप असे होते की संस्थेच्या मालमत्ता कवडीमोलानं विकल्या गेल्या. तसंच अडलेल्या ठेवीदारांच्या पावत्या थोडक्या पैशांत विकत घेऊन बड्या कर्जदारांच्या कर्जखात्यात पूर्ण किमतीला वळत्या करण्यात आल्या.

ही पद्धत समजून घ्या. एखाद्याकडे 5 लाखांची पावती आहे, घरात आजारपण आहे आणि संस्था बंद आहे. मध्यस्थ येतो, त्यातला थोडा हिस्सा रोख देतो. आयुष्याची कमाई निम्म्याहून कमी किमतीत हातची जाते आणि तिकडे कुणाचं तरी 5 लाखांचं कर्ज फिटतं. विमा असता, तर या माणसाला पावती विकायची वेळच आली नसती.

बँका बुडत नाहीत का?

बुडतात. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. पुढे ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण 5 लाखांवरच्या रकमेसाठी मोठ्या ठेवीदारांच्या नशिबी अनेक वर्षांचं वेळापत्रक आलं. म्हणून बँकेतही सगळं एकाच ठिकाणी ठेवू नये. फरक इतकाच की छोट्या ठेवीदाराला तिथे पायाखाली जमीन आहे.

अमेरिकेत राहणारा भाचा "इथे तर सगळे क्रेडिट युनियनच वापरतात" म्हणत असेल, तर तोही बरोबर आहे. तिथल्या केंद्रीय विम्याखालच्या क्रेडिट युनियनमध्ये प्रत्येकाची अडीच लाख डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित असते. संस्था आपल्यासारखीच, पण वर छत्री आहे. आपल्याकडे नेमकी तीच नाही.

मग ठेवीदाराच्या हातात काय आहे?

राज्याचा 1999 चा एमपीआयडी कायदा आहे. त्यात आरोपींची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना पैसे देता येतात, पण वेळ लागतो. मल्टिस्टेट कायद्यात 2023 ला दुरुस्ती होऊन सहकारी लोकपालाची तरतूद आली, ठेवींबद्दलची तक्रार तिथे करता येते.

त्याआधी आपण करायच्या गोष्टी या:

• पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव वाचा. रिझर्व्ह बँकेचा परवाना नसेल तर विमा नाही, बोर्ड कितीही चकचकीत असो.

• तुम्ही नियमित सभासद आहात की नाममात्र, हे विचारा. नाममात्र सभासदाला मत नसतं. म्हणजे पैसे तुमचे, पण कारभारात तुमचा आवाज शून्य.

• वार्षिक अहवाल मागा. त्यात लेखापरीक्षणाचा वर्ग (अ, ब, क, ड) आणि थकबाकी बघा. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

• वार्षिक सभेला जा. संचालकांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलं, हा प्रश्न तिथेच विचारायचा असतो.

• मुलीच्या लग्नाचे, निवृत्तीचे, दवाखान्याचे पैसे विम्याच्या छत्रीखालीच ठेवा, तेही 5 लाखांच्या आत, वेगवेगळ्या बँकांत.

थोडक्यात, कर्ज हवं असेल तर जवळची चांगली पतसंस्था जरूर बघा, ती सावकारापेक्षा कधीही बरी. पिग्मी चालू ठेवा, पण रक्कम साठली की बँकेत हलवा. आणि पुढच्या वेळी कुणी दोन टक्के जास्त देतो म्हणालं, तर त्याला एकच विचारा: "उद्या संस्था बंद पडली, तर माझे पैसे कोण देणार?"