टाळ्या घ्या, पण गुपित सांगा!

कंपनीच्या अॅन्युअल पार्टीचा मेल आला की ऑफिसात दोन गट पडतात. एक, 'आपण ग्रुप डान्स करूया ना' म्हणणाऱ्यांचा. दुसरा, नेमका त्याच दिवशी गावाला जाणाऱ्यांचा. मी कायम दुसऱ्या गटातली! गळा देवाने दिलाय तो फक्त गप्पा मारायला आणि नाचायचं म्हटलं की आमचं अंगण वाकडं. पण मध्यंतरी पुण्यातल्या एका कंपनीत सहा महिने कंटेंट लिहायला जात होते, तेव्हा टीम लीडने परस्पर माझं नाव 'टॅलेंट राउंड'मध्ये टाकून दिलं. हातात फक्त चार दिवस. टेन्शनमध्ये घरी फोन लावला.

मी अर्धापूरची. नांदेडहून वारंगा फाट्याकडे निघालात की अर्ध्या तासात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसायला लागतात, तेच आमचं गाव. आमच्याकडे पाहुणा आला की ताटलीत केळी आणि निघाला की पिशवीत केळी. त्यामुळे दादाने फोनवर आधी मला झापलंच. "अगं येडे, केळाच्या गावची तू, अन् काय करू म्हणून विचारालीस? मामाची केळाची जादू कर की!"

बस्स, प्रोग्रॅम ठरला. तुमच्याही ऑफिसात पार्टी असेल, तर हे तीन आयटम लिहून घ्या. खर्च पन्नास रुपयांच्या आत आणि इम्प्रेशन एकदम सॉलिड!

आयटम पहिला : न सोलता कापलेलं केळं

पिकलेलं, सालीवर ठिपके आलेलं केळं घ्या. ठिपक्यांत सुईची भोकं लपतात, हा खरा फंडा. स्वच्छ लांब सुई सालीच्या धारेवर टोचा आणि पलीकडची साल न फोडता आतल्या आत डावीकडे-उजवीकडे फिरवा. गर कापला जातो, साल शाबूत. बोटभर अंतर सोडत चार-पाच ठिकाणी हेच करा. हे काम पार्टीच्या तासभर आधीच उरकायचं. आदल्या रात्री केलंत, तर टोचलेल्या जागा काळ्या पडून पितळ उघडं पडेल. स्टेजवर केळ्यापासून लांब उभं राहून हवेत सपासप हात चालवायचे आणि केळं सोलायला द्यायचं थेट बॉसला. आतून चकत्या पडल्या की बॉसचा चेहरा बघण्यासारखा असतो!

आयटम दुसरा : कापरेकरांचा आकडा

हा खास कोडिंगवाल्यांसाठी. एका कागदावर ६१७४ लिहा, पाकिटात घाला आणि ते पाकीट कुणाच्या तरी खिशात ठेवा. मग दुसऱ्याला चार अंकी संख्या निवडायला सांगा, फक्त चारही अंक सारखे नकोत. त्या अंकांची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान संख्या बनवून वजाबाकी करायची. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच. समजा, ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे... ६१७४! कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत गाडी याच स्टेशनात येते आणि तिथेच थांबते. फक्त मधल्या उत्तरात तीनच अंक आले, तर पुढे शून्य धरून चार करायचे.

हे शोधलं देवळालीच्या शाळेतल्या एका मराठी मास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, साल १९४९. आज जगभर ही संख्या 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. टाळ्या वाजल्या की हे नाव आवर्जून घ्या.

आयटम तिसरा : लाल पंजा

पांढऱ्या कागदावर पाण्यात कालवलेली हळद लावा आणि वाळू द्या. आपला तळवा साबणाच्या पाण्याने ओलसर करून ठेवा. मग डोळे मिटा, काहीतरी पुटपुटा आणि कागदावर पंजा दाबा. पिवळ्या कागदावर लालभडक पंजा! हळदीचा डाग पडलेला शर्ट साबणाने धुताना लाल होतो ना, तेच हे. वरून लिंबू पिळलंत की पंजा पुन्हा पिवळा होतो.

माझा शो हिट झाला. केळ्याला शिट्ट्या मिळाल्या, कापरेकरांना वन्स मोअर आणि लाल पंजाला तर एकदम पिनड्रॉप सायलेन्स. मी मस्त हवेत होते. कुणी विचारलं, की डोळे मिचकावत म्हणायचे, "सीक्रेट आहे, बॉस!"

दुसऱ्या दिवशी पॅन्ट्रीतल्या मावशी चहा घेऊन आल्या, पण कप ठेवून गेल्या नाहीत. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, "ताई, तुमच्या हातात काही आहे का? माझ्या लेकीला मधूनच झटके येतात. आमच्या वस्तीत एक जण लिंबू कापतो, तर आतून रक्त निघतं. करणी आहे म्हणतो. पाच हजार मागितलेत. तुम्हालाही येतं, तर तुम्हीच बघता का?"

खरं सांगते, कालच्या सगळ्या टाळ्या त्या क्षणी कानाखाली वाजल्यासारख्या वाटल्या. मी हसवायला केलेला खेळ या बाईने खरा धरला होता. आणि मी गुपित लपवून तो आणखी खरा केला होता.

मंडळी, आपल्याकडे याच खेळांवर दुकानं चालतात. म्हणून तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी, शाळा-कॉलेजांत हेच 'चमत्कार' करून दाखवतात. लिंबातून रक्त काढतात, पाणी शिंपडून नारळ पेटवतात. फरक एकच. खेळ संपला की ते रसायन कुठलं आणि हातचलाखी कुठे, हेही सांगतात. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात मॉर्निंग वॉकला निघालेल्या दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आज महाराष्ट्रात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

मी मावशींना पॅन्ट्रीतच नेलं. हळद होतीच, भांडी घासायचा साबणही होता. त्यांचाच हात ओला केला आणि म्हटलं, दाबा. लाल पंजा उमटला. त्या बराच वेळ आपल्या तळव्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यानं पण सुरीला काहीतरी लावलं असंल की!" मी म्हटलं, "हो मावशी. आणि झटक्यांवर गोळ्या असतात, लेकीला आधी डॉक्टरांकडे न्या." सोमवारी मावशींची अर्ध्या दिवसाची रजा होती. लेकीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या होत्या.

आता कुणी म्हणेल, गुपित फोडलं की मजा जाते. अजिबात नाही! पुढच्या पार्टीत मी शो संपल्यावर सुई आणि केळी सगळ्यांच्या हातात दिली. जादूपेक्षा जास्त धिंगाणा तर तेव्हाच झाला. अकाउंट्सच्या सरांनी सहा केळी वाया घालवली आणि सातव्याला स्वतःच टाळ्या पिटल्या.

तेव्हा पार्टीत बिनधास्त जादू करा. जिभेवर कापूर, हातावर आग असले प्रकार मात्र लांब ठेवा, भाजलं तर एचआरचा मेल वेगळा येईल. आणि शेवटी माइक हातात घेऊन म्हणा, 'ही ट्रिक होती, या, शिकवते.' तेवढ्यासाठी डझनभर केळी जास्तीची आणा. आमच्या अर्धापूरचीच आणा, हे वेगळं सांगायला नको!