आरोग्य ताटांत कीं बाटलींत?

आपल्या शहरांतील कोणत्याहि औषधांच्या दुकानाकडे पाहिलें असतां एक गोष्ट सहज नजरेस येते. पूर्वीं जेथें रोग्यांचीं औषधें मांडलेलीं असत, तेथें आतां निरोग्यांचीं औषधें मांडलेलीं दिसतात. जीवनसत्त्वांच्या रंगीबेरंगी गोळ्या, माशांच्या तेलाच्या कुप्या, प्रथिनांच्या भुकटीचे मोठाले डबे, केंसांसाठीं एक, हाडांसाठीं दुसरी व स्मरणशक्तीसाठीं तिसरी अशा बाटल्या, यांनीं कपाटें भरून गेलीं आहेत; आणि हा माल घेणारीं माणसें अंथरुणास खिळलेलीं नसून चांगलीं हिंडतींफिरतीं, कमावतीं व शिकलेलीं असतात. रोग होऊं नये, वार्धक्य लांबावें व आयुष्य वाढावें ही इच्छा स्वाभाविक आहे. तिला हंसण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या साधनावर दरमहा शेंकडों रुपये खर्च होतात त्यानें ती इच्छा पुरी होते कीं नाहीं, हें निदान व्यापारी माणसानें तरी मालासारखें पारखून घ्यावयास नको काय? आज आम्ही ती पारख करूं इच्छितों.

या गोळ्यांच्या बाजूचें जें खरें आहे तें प्रथम मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. इंग्रज आरमारांतील जेम्स लिंड नांवाच्या शस्त्रवैद्यानें सन १७४७ मध्यें स्कर्व्हीनें आजारी पडलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीस निरनिराळा उपचार दिला. ज्या दोघांस संत्रीं व लिंबें मिळालीं ते सर्वांच्या आधीं बरे झाले. तरी आरमारांत लिंबाचा रस सर्वत्र मिळूं लागण्यास सन १७९५ उजाडावें लागलें! पुढें जावा बेटांत आइकमान नांवाच्या डच डॉक्टरास असें दिसून आलें कीं, कोंडा काढून पांढऱ्या केलेल्या तांदुळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंड्यासह तांदूळ दिला कीं त्या पुनः उभ्या राहतात. बेरीबेरी या रोगाचें मूळ त्यावरून हातीं लागलें, आणि सन १९२९ मध्यें त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

आमच्या मुंबईचाहि या इतिहासांत मानाचा वाटा आहे. सन १९२८ मध्यें डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या व हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें काम करून गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांस होणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचा शोध त्यांनीं आरंभिला. त्या स्त्रियांचें अन्न त्यांस हिणकस आढळलें. आणि मार्माइट नांवाच्या यीस्टच्या स्वस्त अर्कानें हा रक्तक्षय बरा होतो असें त्यांनीं सन १९३१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच आज ज्यास फोलिक ॲसिड म्हणतात तें होय. ज्या स्त्रीचें एक मूल मेंदूच्या किंवा कण्याच्या जन्मजात विकृतीचें झालें आहे, तिनें हें द्रव्य गर्भधारणेच्या आधींपासून घेतल्यास ती विकृति पुनः होण्याचा धोका शेंकडा ७२ नें कमी होतो, असें सन १९९१ मध्यें ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगानें ठरलें. अशा गोळीस कोण नांवें ठेवील?

परंतु या सर्व उदाहरणांतील मर्म एकच आहे. शरीरांत जें कमी पडलें होतें तें पुरविलें, म्हणून रोग गेला. यावरून ‘कमी पडेल तें भरून काढावें’ एवढाच सिद्धांत निघतो. ‘पुरेसें असलें तरी आणखी घ्यावें, म्हणजे आणखी आरोग्य मिळेल’ हा निघत नाहीं. तेल संपलेल्या समईंत तेल घातलें तर ती उजळते. भरलेल्या समईंत ओतलेलें तेल उजेड वाढवीत नाहीं, तें सांडतें व जमीन खराब करतें. बाटलीच्या व्यापाराचा बराचसा डोलारा या दुसऱ्या सिद्धांतावर उभा आहे. आणि तो सिद्धांत शास्त्रज्ञांनीं गेल्या चाळीस वर्षांत हजारों माणसांवर कसोटीस लावून पाहिला आहे.

फिनलंडचें उदाहरण घ्या. भाज्या व फळें पुष्कळ खाणारांस फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असें दिसल्यामुळें, त्यांतील बीटा कॅरोटीन हें द्रव्य गोळीच्या रूपानें द्यावें अशी कल्पना निघाली. सन १९८५ पासून तेथें धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर प्रयोग चालला. सन १९९४ मध्यें निकाल बाहेर आला तेव्हां तें द्रव्य घेणारांत कर्करोग कमी होण्याऐवजीं शेंकडा १८ नें अधिक आढळला. अमेरिकेंतील दुसऱ्या प्रयोगांत धूम्रपान करणारे व ॲस्बेस्टॉसच्या कामावरील मजूर मिळून १८,३१४ माणसें होतीं, व त्यांतील कांहींस बीटा कॅरोटीनच्या जोडीस अ जीवनसत्त्वहि दिलें होतें. त्यांच्यांत हा कर्करोग शेंकडा २८ नें व मृत्यु शेंकडा १७ नें अधिक दिसल्यामुळें तो प्रयोग सन १९९६ च्या आरंभीं मुदतीपूर्वींच थांबवावा लागला. ई जीवनसत्त्वानें प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग टळेल या आशेनें पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवर केलेल्या प्रयोगांत, तें घेणारांस हा कर्करोग शेंकडा १७ नें अधिक झाल्याचें सन २०११ मध्यें उघड झालें. ड जीवनसत्त्वाची कीर्ति अलीकडे फार वाढली आहे; परंतु अमेरिकेंतील २५,८७१ स्त्रीपुरुषांवरील प्रयोगांत त्यानें कर्करोगाचें वा हृदयविकाराचें प्रमाण घटलें नाहीं असें सन २०१८ मध्यें, व हाडें मोडण्याचेंहि घटलें नाहीं असें सन २०२२ मध्यें प्रसिद्ध झालें.

दुसरी बाजू झांकून ठेवणें आम्हांस पसंत नाहीं. सन २०१२ मध्यें १४,६४१ अमेरिकन डॉक्टरांवरील प्रयोगाचा निकाल आला. त्यांत अनेक जीवनसत्त्वांची एकत्र गोळी रोज घेणारांत कर्करोग शेंकडा ८ नें कमी आढळला, हृदयविकारांत मात्र कांहीं फरक पडला नाहीं. उलट सन २०२४ मध्यें सुमारें ३ लाख ९० हजार निरोगी अमेरिकनांच्या वीस वर्षांहून अधिक काळच्या माहितीवरून, अशी गोळी रोज घेणारे न घेणारांहून अधिक जगतात असें कांहीं दिसलें नाहीं. दीर्घायुष्य म्हणून जो माल विकला जातो, त्याचें वजन तराजूंत घातल्यावर एवढेंच भरतें.

मग गोळी कोणास हवी? ज्याचें उणें तपासणीनें ठरलें आहे त्यास. ब-१२ हें जीवनसत्त्व भाजीपाल्यांत व धान्यांत मिळत नाहीं. तें दूध, अंडीं, मासे व मांस यांतून येतें. ज्या शाकाहारी मंडळींच्या पोटांत दूधदहींहि फारसें जात नाहीं त्यांनीं, वृद्धांनीं, तसेंच मधुमेहावर मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें रक्त तपासून घ्यावें व जरूर ठरल्यास ती गोळी अवश्य घ्यावी. ‘आमचा आहार सात्त्विक, त्यांत उणें काय असणार?’ हा अभिमान मज्जातंतूंचें नुकसान भरून देत नाहीं. मात्र हें सर्व मापून झालें पाहिजे. ड जीवनसत्त्व शरीरांत सांठतें. त्याचा अतिरेक झाल्यास रक्तांत कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होते. एक द्रव्य भरपूर व दुसरें अपुरें ही स्थितीहि बरी नव्हे. पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व मुलांचा अभ्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सन १९९३ मध्यें आरंभिला. ज्या मातांच्या रक्तांत गरोदरपणीं फोलेट पुष्कळ परंतु ब-१२ कमी होतें, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीं मधुमेहाकडे नेणारी प्रवृत्ति सर्वांत अधिक असल्याचें त्यांस आढळलें, व तें सन २००८ मध्यें प्रसिद्ध झालें.

आतां ज्यांस खरोखरच कमी पडतें ते कोण, हें पाहूं. सन २०१९ ते २०२१ मध्यें झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें आपल्या देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ व पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा ६७ यांस रक्तक्षय होता. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २५ होतें. एकाच चुलीवरचें अन्न खाणाऱ्या घरांत एवढा भेद कां पडावा? मासिक रक्तस्राव व बाळंतपण हीं कारणें निसर्गाचीं आहेत. परंतु ज्या शरीरावर निसर्गानें अधिक खर्च लादला त्याच्या ताटांत आम्ही अधिक वाढलें काय? घरांतील पुरुष जेवून उठल्यावर पातेल्याच्या तळाशीं जें उरेल तें सुनेनें खावें, उसळ संपली तर ताकाशीं भाकर खावी, हा प्रघात कित्येक सुशिक्षित घरांतूनहि अजून चालू आहे. सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रीस लोहाची गोळी फुकट मिळते. पण मळमळतें म्हणून, किंवा मूल फार मोठें होऊन बाळंतपण अवघड होईल या खोट्या समजुतीनें, ती फडताळांत पडून राहते. धन्याची शेंकडों रुपयांची अनावश्यक बाटली रिकामी व्हावी आणि सुनेची फुकटची आवश्यक गोळी पडून राहावी, याहून विपरीत व्यवहार कोणता?

अन्नाचा गुण किती असतो हें मुंबईंतच दिसून आलें आहे. तेथील गरीब वस्त्यांतील स्त्रियांवर सन २००६ मध्यें एक प्रयोग सुरू झाला. कांहींस गर्भधारणेच्या आधींपासून बाळंतपणापर्यंत पालेभाज्या, फळें व दूध घालून केलेला एक खाद्यपदार्थ रोज देण्यांत आला. बाकीच्यांस बटाटा, कांदा यांसारख्या जिनसांचा. मुलांचें सरासरी जन्मवजन कांहीं वाढलें नाहीं; परंतु गरोदरपणांतील मधुमेह दुसऱ्या वर्गांत शेंकडा १२.४ स्त्रियांस झाला, तेथें पहिल्या वर्गांत शेंकडा ७.३ स्त्रियांसच झाला. अमेरिकेंत सन १९९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, फळें, भाज्या व कमी स्निग्धांशाचें दूध यांवर भर दिलेल्या आहारानें, रक्तदाब वाढलेल्या माणसांचा वरचा आंकडा आठ आठवड्यांत सुमारें ११ नें उतरला. एखाद्या औषधानें जें साधावें तें येथें जेवणानें साधलें.

दीर्घायुष्याचा हिशेबहि ताटाशींच येऊन थांबतो. सन २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणींत सन २०१७ मधील सुमारें १ कोटी १० लाख मृत्यूंचा संबंध सदोष आहाराशीं लावण्यांत आला. मीठ अधिक, कोंड्यासहित धान्य कमी व फळें कमी हे त्यांतील प्रमुख दोष होत. आपल्या देशांत मधुमेही दहा कोटींहून अधिक असल्याचें सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झालें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें सन २०२४ मध्यें आहाराचे नियम सांगतांना अर्धें ताट भाज्या व फळें यांचें असावें असें म्हटलें, आणि शरीर कमावण्यासाठीं प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्या असाहि सल्ला दिला. जुनें तें सारें सोनें असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्वारीबाजरीची भाकर, मटकी-हुलग्याची उसळ व मेथी-चाकवताची भाजी ताटांतून उठवून त्यांच्या जागीं मैद्याचीं बिस्किटें व तळलेले पदार्थ आणावयाचे, आणि मग तोच कोंडा व तींच जीवनसत्त्वें डब्यांतून दसपट दरानें विकत घ्यावयाचीं, हा सौदा कोणता शहाणा व्यापारी करील?

आमच्या व्यापारी बंधूंच्या हातीं या बाबतींत मोठी सत्ता आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यांत सन १९५६ मध्यें दोन विभागांस आयोडीन मिसळलेलें मीठ व तिसऱ्यास साधें मीठ देऊन प्रयोग करण्यांत आला; कांहीं वर्षांत पहिल्या दोन विभागांतील गलगंड झपाट्यानें कमी झाला. देशांत आयोडीनविरहित खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर घातलेली बंदी सन २००० मध्यें उठविली गेली व सन २००६ मध्यें पुनः लागू झाली. जें द्रव्य सर्वांसच कमी पडतें तें सर्वांच्या मिठांतून पोंचविण्याचें हें काम वाण्याच्या दुकानामार्फतच झालें. त्यासाठीं कोणास निराळी बाटली घ्यावी लागली नाहीं. त्याच दुकानदारानें शक्तीच्या डब्यावर मात्र मधुमेह, संधिवात व नपुंसकत्व यांचे उपाय तोंडानें सांगावे, हें त्यास शोभत नाहीं. त्या डब्यावर ‘औषधी उपयोगासाठीं नाहीं’ अशी सूचना छापणें कायद्यानें आवश्यक आहे. ती बारीक अक्षरांत असते, पण गिऱ्हाइकास ती वाचून दाखविण्यास दुकानदारास कोणी मनाई केलेली नाहीं.

आमचें सांगणें थोडक्यांत असें. बाटली घेण्यापूर्वीं डॉक्टरास विचारावें, व उणें ठरल्यावांचून ती घेऊं नये. तोच पैसा भाजी, फळें, कडधान्यें व दूध यांकडे वळवावा. लोहयुक्त जेवणाबरोबर लिंबू पिळावें व चहा जेवणास लागून पिऊं नये, म्हणजे खाल्लेलें लोह अंगीं लागतें. गरोदर सुनेची गोळी तिनें घेतली कीं नाहीं, हें घरच्या वडील माणसांनीं व नवऱ्यानें स्वतः पाहावें. आणि सर्वांत सोपी व सर्वांत अवघड सुधारणा म्हणजे घरांतील बायकामुलींनीं सर्वांबरोबर एका पंक्तीस बसून जेवावें. यास कायदा लागत नाहीं, सभा लागत नाहीं, पैसाहि लागत नाहीं. ज्या घरांत ही पंक्ति आजपासून बसेल त्या घराचें आयुष्य खरोखर वाढेल, असें आमचें निश्चित मत आहे.