धाकट्यांचा तास थोरल्यांनी घ्यावा

आज 3 जानेवारी 2026, सावित्रीबाई फुले यांची जयंती. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात 1848 साली मुलींची शाळा भरू लागली, तेव्हा तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाई अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. आजच्या हिशेबाने बारावीतली मुलगी. स्वतः शिकायचे आणि शिकलेले लगेच धाकट्यांच्या हाती द्यायचे, ही त्यांची रीत. वाड्याची जुनी वास्तू डिसेंबर 2023 मध्ये उतरवली गेली आणि ती जागा राष्ट्रीय स्मारकासाठी ठरली आहे. पण ही रीत चालू ठेवायला स्मारकाची वाट पाहावी लागत नाही. यंदा तर तिला नेमके निमित्तही मिळाले आहे.

येत्या 15 जानेवारीला पुणे महापालिकेची निवडणूक आहे. याआधीची फेब्रुवारी 2017 मध्ये झाली. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे आहे. आज तिसरीत बसणाऱ्या मुलाला आपल्या शहराची निवडणूक आठवणे शक्यच नाही. नगरसेवक कोण, तो आमदारापेक्षा वेगळा कसा, आईला एकाच वेळी चार मते का द्यायची आहेत, हे प्रश्न त्याला पडणारच.

या प्रश्नांची उत्तरे नववी-दहावीच्या मुलांनी द्यावीत, आणि इंटरनेटवर शोधून, पडताळून द्यावीत. सहावीत स्थानिक शासनसंस्था आणि दहावीत निवडणूक प्रक्रिया त्यांनी वाचलेली असते, पण परीक्षेपुरती. समोर आठ वर्षांचे मूल ‘म्हणजे काय?’ असे विचारू लागले की पाठांतर कामाला येत नाही.

शोधताना काय घडते ते पाहा. ‘पुण्यात नगरसेवक किती?’ एका पानावर 162 सापडतात, दुसऱ्यावर 165. पहिला आकडा 2017 चा, दुसरा आताचा. मधल्या काळात आधी 11 आणि मग 23 गावे महापालिकेत आली, पुढे दोन बाहेरही पडली. पानावरची तारीख बघायची सवय अशीच लागते. मतदान केंद्र शोधायला निघालेला विद्यार्थी भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पोहोचतो. तिथून परत फिरल्यावर त्याला कळते, की महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. प्रभागातल्या जागांचे आरक्षण पाहताना निम्म्या जागा महिलांच्या आहेत हे दिसते आणि सावित्रीबाईंच्या पेठेतल्या मुलीला तो आकडा आपला वाटतो. मोबाइलवर फिरणारा मजकूर आणि सरकारी कागद यांतला फरक मुलांना उपदेशाने कळत नाही. तो अशा शोधातून कळतो.

शाळेत राजकारण नको, ही पालकांची धास्ती समजण्यासारखी आहे. पक्षाचा प्रचार वर्गात येता कामा नये आणि मुलांनी जमवलेली माहिती शिक्षकांनी आधी तपासलीच पाहिजे. पण कारभार समजून घेणे म्हणजे प्रचार नव्हे. फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे यांनी मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांवर झालेल्या अन्यायाबद्दल त्या किशोरवयीन मुलीने त्यात उघडपणे लिहिले. राज्यकारभाराबद्दल मुलांनी बोलण्याची परंपरा पुण्याला नवी नाही.

म्हणून पेठेतल्या आणि शहरातल्या सर्व मुख्याध्यापकांना आमची विनंती आहे. मतदानाआधी एक तास द्या आणि सभागृह स्थापन झाल्यावर दुसरा. पहिल्या तासात थोरल्यांनी धाकट्यांना निवडणूक समजावून सांगावी, दुसऱ्यात महापालिकेचे अंदाजपत्रक उघडून आपल्या प्रभागासाठी किती तरतूद आहे ते दाखवावे. दहावीतली ही मुले दोन-तीन वर्षांत मतदार होणार आहेत. त्यांच्या तयारीसाठी हे दोन तास शाळांनी काढलेच पाहिजेत.